गोमाजीच्या खांबावरची खूण

महाडच्या वखार आळीला इतिहास आहे, हे आळीतल्या लोकांना तीन वर्षांपूर्वी कळलं. तोवर त्यांना फक्त पूर माहीत होते.

इतिहास मुंबईहून आला. सेजल नावाची एक आर्किटेक्ट बाई एका संस्थेतर्फे आळी बघायला आली आणि खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत दोनदा चालली. आळीत कशाचा कशाला मेळ नव्हता. एका घराला गुजराती व्यापाऱ्याने बसवलेले लोखंडी खांब, शेजारच्या कोकणी मुसलमानाच्या घराला हिरव्या खिडक्या, त्यापुढे गणूची पत्र्याची पिठाची गिरण आणि तिला खेटून एक स्लॅबचा बंगला. त्याच्या गच्चीवर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी, कारण मालकाचा मुलगा दुबईला होता. सेजलने हे सगळं बघून ‘एक्लेक्टिक’ असा शब्द काढला. आळीतल्या अरविंद गायकवाडने घरी जाऊन तो डिक्शनरीत पाहिला. कशाचा कशाला मेळ नसणं असाच त्याचा अर्थ निघाला, पण मुंबईच्या माणसाने म्हटलं की त्यासाठी निधी मिळतो.

निधी मिळाला. एकवीस सालच्या पुराने आळीची दैना केली होती, त्यामुळे दुरुस्तीला कोणी नाही म्हणालं नाही. भिंती सरळ झाल्या, कौलं नवी आली, गटारं झाकली गेली. इथवर बरं होतं. मग संपूर्ण आळीला एकच पिवळा रंग लागला आणि हिरव्या खिडक्या तपकिरी झाल्या. ज्या मेळ नसण्याचं एवढं कौतुक होतं, ते बिचारं पहिल्याच हातात गेलं. नक्षीचे काळे दिवे आले. बाकडी आली, ती गटाराकडे तोंड करून. कोपऱ्यावर बैलगाडीचं एक चाक उभं केलं, ते नाते गावाहून विकत आणलेलं. आळीत बैलगाडी कधी शिरली नव्हती, तेवढी रुंदीच नव्हती. माल सावित्रीतून होड्यांनी यायचा आणि हमालांच्या डोक्यावरून वखारीत जायचा. पण होडी ठेवायला जागा लागते, चाक भिंतीला टेकवता येतं. विमानाची टाकी मात्र वाचली. तिच्याकडे वर बघायचं कोणालाच सुचलं नाही.

अरविंदला यातलं फारसं काही बोचलं नाही. नगरपालिकेत पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस पिवळ्या रंगाने हलत नाही. त्याला बोचली ती वखारीची भिंत.

आळीची एक रीत होती. पूर ओसरला की घराघरात चिखल, चुलीत गाळ, गाद्यांना वास. तरी कोणी आधी खराट्याला हात लावायचा नाही. आधी वखारीच्या भिंतीवर डांबराने रेघ ओढायची, पाणी जिथवर चढलं तिथे. मग झाडलोट. एकदा भिंत धुतली की प्रत्येक जण आपल्या मनाने पाणी चढवतो नाहीतर उतरवतो, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. रेघेला नाव द्यायचं ते पुराने जे नेलं त्याचं. म्हशीचा पूर, पापडांचा पूर, पाच सालचा गिरणीचा पूर. डांबराचा डबा अलीकडे अरविंदकडे असायचा, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं. एकवीस साली त्याने शिडीवर चढून शेवटची रेघ ओढली आणि काय नाव द्यावं हे न सुचून ‘सगळ्याचा पूर’ असं लिहिलं.

ती भिंत कंत्राटदाराच्या रंगाऱ्यांनी एका दुपारी पिवळी करून टाकली. सेजल फार चिडली, आणि ते तिच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. तिने रेघा परत काढायला लावल्या. रंगाऱ्यांनी त्या काढल्या, निळ्या ऑइलपेंटने, सुबक अक्षरात. फक्त रेघांमधलं अंतर सारखं ठेवलं, दिसायला बरं म्हणून, आणि सगळ्यात वरची रेघ माणसाच्या कपाळाच्या उंचीवर घेतली, म्हणजे पाहुण्यांना तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढता येतो. शिडीवरून ओढलेला सगळ्याचा पूर आता पर्यटकांच्या भुवयांना लागत होता. म्हशीचा पूर आणि पापडांचा पूर यांच्यात बरोबर नऊ इंच. सावित्री नदी पट्टी घेऊन चढत होती, असं आता इतिहासात नोंदलं गेलं.

राहिली एकच खूण. ती भिंतीवर नव्हती, मंगेशच्या घरात होती.

मंगेश म्हणजे गोमाजीचा नातू आणि अरविंदचा पहिलीपासूनचा वर्गमित्र. त्याच्या घराचं आता ‘गोमाजी हाऊस, वारसा निवास व न्याहारी’ झालं होतं. महाबळेश्वरहून आंबेनळीच्या घाटाने उतरणारे आणि रायगडाखाली पाचाडला जाणारे पर्यटक तिथे थांबायचे. पाटीवर ‘आजीच्या हातचे घावणे’ असं होतं. आजीचं नाव दर्शना, वय चौतीस. ती रोज सकाळच्या एसटीने पोलादपूरहून यायची आणि पाहुण्यांसमोर येताना डोक्यावरून पदर घ्यायची. मंगेश माणूस वाईट नव्हता. धंदा करत होता.

त्याच्या माजघरात जिन्याशी एक सागवानी खांब होता आणि त्या खांबावर, मोठ्या माणसाच्या छातीला येईल एवढ्या उंचीवर, कोयत्याच्या टोकाने कोरलेली आडवी खूण होती. रंगारी तिथे पोचले नाहीत. लाकूड चांगलं म्हणून त्याला नुसतं पॉलिश झालं.

त्या खुणेशी अरविंदची आई कमळाबाई उभी होती.

वर्ष सत्तावन्न की एकोणसाठ यावर आळीत अजून दोन पक्ष आहेत. तळ्याचा सत्याग्रह होऊन तीस वर्षं झाली होती, कमळाबाईच्या घराने दीक्षा घेऊन एखाददोन. बौद्धवाडी नदीच्या अंगाला, सगळ्यात खाली. पाणी आलं तेव्हा नवरा सोमा मुंबईला गोदीत होता. कमळाबाई दीड वर्षाच्या अरविंदला खांद्यावर घेऊन आळीतून वर चढत गेली. पहिली दोन दारं लागलेली होती. तिसरं गोमाजीचं, ते उघडं होतं, कारण घरातली माणसं देव्हारा आणि भात माळ्यावर चढवत होती. ती आत शिरून जिन्याशी थांबली आणि वर घ्या म्हणाली. वरून सांगण्यात आलं, थांब, विचारतो. वर देव होते, आणि देव असलेल्या माळ्यावर तिला घ्यावं की नाही याचा विचार पुरुषमंडळी करू लागली. गोमाजी शहाणा माणूस होता, घाईने निर्णय घेणारा नव्हता. पाण्याला मात्र त्या चर्चेत रस नव्हता. ते गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. शेवटी गोमाजीची सून आवडी, मंगेशची आई, कोणाला न विचारता पाण्यात दोन पायऱ्या उतरली आणि तिने कमळाबाईला दंड धरून वर ओढलं. मंगेश तेव्हा माळ्यावर होता, अरविंदच्याच वयाचा, कोरडा.

पूर ओसरल्यावर गोमाजीने वखारीवर डांबराची रेघ ओढली आणि तिला देव्हाऱ्याचा पूर असं नाव दिलं. देव्हारा गेला नव्हता. तो वाचला म्हणून अपवाद केला. आवडीने घरात खराटा उचलायच्या आधी कोयत्याने खांबावर आपली खूण केली. का केली ते तिने सासऱ्याला सांगितलं नाही. कमळाबाईला सांगितलं, आणि मरायच्या आदल्या वर्षी मंगेशला. कमळाबाईने अरविंदला.

म्हणून मंगेशने जेव्हा वारसा समितीतर्फे घराघरावरच्या पाट्यांचा मजकूर लिहायचं काम अरविंदला दिलं, तेव्हा त्याने बाकीच्या पाट्या एका बैठकीत उरकल्या आणि खांबाच्या पाटीला चार दिवस लावले. आईचा फोटो घरात होता, पण फोटो कुठल्याही बाईचा असतो. ती छातीभर पाण्यात कुठे उभी होती, हे सांगणारी जगात एवढी एकच खूण उरली होती. मजकूर तीन ओळींचा झाला. त्यात शिवी नव्हती, रडणं नव्हतं. कोण उभं होतं, कोण वर होतं, पाणी कुठवर आल्यावर हात दिला गेला, एवढंच. मुंबईहून त्याच्या मुलाने, अश्वजितने, फोनवर तो ऐकला आणि बाबा, यातला एक शब्द कमी करू नका, असं बजावलं.

वारसा समितीची सभा मंगेशच्या माजघरात, त्याच खांबाखाली भरली. सेजल होती, गिरणीचा गणू होता, आणखी चार-पाच जण होते. मंगेशने मजकूर वाचला. एकदा मोठ्याने वाचायला लागला आणि दुसऱ्या ओळीपासून मनात वाचला. मग चहा आला. चहानंतर तो हळूच अरविंदला म्हणाला, “खोटं नाय रे यातलं काय. पन आज्याचं नाव घरावर लावलंय मी.”

सेजलला मजकूर आवडला होता. फक्त पाहुणे सुट्टीच्या मूडमध्ये येतात, तर थोडा ‘ओपन’ ठेवता येईल का, असं तिने विचारलं. गणूने मध्येच सुचवलं की अशा खुणा पोरांची उंची मोजायला करतात, त्याच्या मामाकडे आहेत. सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. ‘या खांबाशी घरातील मुलांची उंची मोजली जात असे.’ किती गोड. कोणाचंच काही जात नव्हतं.

सगळे अरविंदकडे बघू लागले. आता या आळीत बौद्धवाडीतून वर येऊन घर घेतलेला तो पहिला माणूस. एकवीसच्या पुरात पाणी अजून रस्त्यावरही नव्हतं, तेव्हा मंगेश भर पावसात त्याच्या दाराशी येऊन उभा राहिला होता आणि त्याला आणि त्याच्या बायकोला हाताला धरून आपल्या माळ्यावर घेऊन गेला होता. तीन दिवस ते तिथे जेवले. अरविंदच्या बायकोचं अंथरूण देव्हाऱ्याशेजारी होतं. हे सगळं अरविंदला त्या क्षणी आठवलं, आणि पस्तीस वर्षं साहेबांच्या टेबलाशी उभं राहून जो शब्द आपोआप तोंडातून जायचा तोच गेला.

“चालेल,” तो म्हणाला.

पाटी पितळेची आली. मजकुराची शुद्धलेखन तपासणी त्यानेच केली. एकही चूक नव्हती. पहिला कागद त्याने फाडला नाही, फाइलला लावला. कारकून कागद फाडत नाही. पण नंतर पंधरा दिवस तो मंगेशच्या घरी गेला नाही. आईच्या फोटोसमोरून जाताना तो पेपर वाचत जायचा. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्यात मंगेशवर रागावताही येत नव्हतं, हे जास्त वाईट होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी आळीचं उद्घाटन झालं. मोठे साहेब येणार होते. त्यांच्याऐवजी त्यांचं शुभेच्छापत्र आलं आणि ते वाचून दाखवायला एक माणूस आला. झेंडूच्या माळा, लेझीम, नऊवारीतल्या मुली. गणूची गिरण दिवसभर बंद, कारण पाहुण्यांच्या कपड्यांवर पीठ उडतं. आळीत शंभर वर्षं खरोखर चालू असलेला धंदा तेवढा एकच होता, म्हणून वारशाच्या दिवशी तो बंद ठेवला. भाषणात ‘सर्व समाज येथे गुण्यागोविंदाने नांदत आले’ हे वाक्य तीनदा आलं. अरविंदने नोकरीत असताना ते स्वतः किती मसुद्यांत घातलं होतं याची गणती नव्हती.

अश्वजितने येणं टाळलं, पण मुलीला पाठवलं. अनुष्का दहा वर्षांची, ठाण्याच्या शाळेतली, प्रत्येक पाटी थांबून वाचणारी. वखारीच्या भिंतीशी तिने विचारलं, पूर नेहमी नऊ-नऊ इंचांनीच येतात का. अरविंदने तिला सरबत घेऊन दिलं.

मंगेशच्या माजघरात गर्दी झाली होती. एका स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोवाला खांबाजवळ कोणीतरी लहान मूल हवं म्हणून शोधत होता, आणि मंगेशला समोर अनुष्का दिसली. त्याने कौतुकाने तिला पुढे घेतलं, पाठ खांबाला लावून उभी केली, टाचा जोड म्हणाला. कोयत्याची खूण तिच्या हनुवटीला लागली. फोटोवाल्याने फोटो काढला. सेजलने टाळ्या वाजवल्या.

अनुष्काने मान वळवून पितळेची पाटी वाचली आणि मग खूण बोटाने चाचपली. “आजोबा, हे कोणाचं माप आहे? माझ्यापेक्षा बुटका होता तो.”

खोलीत पंचवीस माणसं होती. मंगेशने अरविंदकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर विनवणी होती. अरविंदला ती दिसली. चालेल हा शब्द पुन्हा जिभेवर येऊन बसलाही होता. पण पोर त्या खांबाला पाठ लावून उभी होती, हनुवटी वर करून, पाण्याबाहेर तोंड धरावं तशी, आणि तिच्यासमोर त्याला तो शब्द उच्चारता आला नाही.

“माप मुलाचं नाही,” तो म्हणाला. “पाण्याचं आहे. तुझी पणजी इथे उभी होती, मला खांद्यावर घेऊन. पाणी एवढं होईपर्यंत.”

अनुष्काने खाली जमिनीकडे पाहिलं, मग खुणेकडे, मग उजव्या हाताला. तिथे जिना होता. तिने त्याच्या कठड्यावर हात ठेवला.

“पण जिना तर इथेच आहे,” ती म्हणाली. “मग ती वर का नाही गेली?”

शुभेच्छापत्र वाचणारा माणूस छताकडे बघू लागला. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. अरविंदने तोंड उघडलं, पण मंगेश आधी बोलला, आणि कोणाकडे न बघता बोलला.

“आमी इचार करत होतो, बाय.”

त्यानंतर माजघर लवकर रिकामं झालं. बाहेर घावणे सुरू झाल्याचं लोकांना एकदम आठवलं. सेजल थांबली. तिचे डोळे भरले होते, तिला मनापासून वाईट वाटलं होतं. पाटी बदलायला हवी, हे ती दोनदा म्हणाली. फक्त मजकूर समितीपुढे आणि मग संस्थेकडे जावा लागेल, तर पुढच्या बैठकीत आपण यावर नक्की विचार करू.

“किती पाण्यापर्यंत?” अरविंदने विचारलं. त्याच्या आवाजात चीड होती, आणि ती त्याने लपवली नाही. सेजल बाहेर गेली.

दुपारी चारला आळी शांत झाली. माजघरभर झेंडूच्या पाकळ्या, कागदी कप आणि चपलांची माती पडली होती. दर्शना परतीच्या एसटीला गेली होती, म्हणून मंगेशने स्वतःच कोपऱ्यातला खराटा उचलला. अरविंद घरी जाऊन परत आला तेव्हा हातात फाइल नव्हती; डांबराचा डबा होता, रॉकेल घालून पातळ केलेलं डांबर आणि जुना ब्रश. मागे अनुष्का.

“थांब, मंग्या. आधी रेघ.”

मंगेशने त्याच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, मग पॉलिश केलेल्या सागवानाकडे. त्या खांबाला एका माणसाने चार दिवस घासलं होतं. मंगेशने खराटा भिंतीला लावून ठेवला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पितळेची पाटी सोडवायला लागला. चार स्क्रू होते. चौथा गंजला नव्हता, तरी निघायला वेळ लागला.

अरविंदने खुणेवरून डांबराची रेघ ओढली. पस्तीस वर्षांच्या सवयीने ती सरळ आली. रेघेखाली त्याने लिहिलं, ‘देव्हाऱ्याचा पूर. कमळाबाई सोमा गायकवाड इथे उभी होती.’ फाइलमधल्या तीन ओळींतलं बाकीचं त्याने लिहिलं नाही. मंगेशच्या आजोबाचं नाव त्यात होतं, आणि तीन दिवसांचं जेवण अजून त्याच्या अंगात होतं.

मंगेशने मागे उभं राहून ते वाचलं. ओठ हलवत, शाळेत वाचायचा तसं. “येवढंच?” तो म्हणाला. “आनि आमी कुठं होतो, ते कोन लिवनार?”

अरविंदने त्याच्याकडे पाहिलं आणि ब्रश पुढे केला.

मंगेशचं अक्षर पहिलीपासून वाईट. त्याने ब्रश मुठीत धरला आणि एकेक अक्षर थांबून थांबून काढलं. डांबर दोन ठिकाणी ओघळलं. ‘गोमाजी आणि आम्ही सगळे वर होतो.’ मग त्याने ब्रश डब्यात ठेवला, हात लेंग्याला पुसले आणि खराटा घेऊन झाडायला लागला.